पायदानाखालची गाणी

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही श्रोत्यांनी विचारलं, की अपरिचित गाण्यांवर व्याख्यान कशाला? चांगली असती तर ती परिचित झाली नसती का? प्रश्न रास्त आहे, आणि आजचं सगळं बोलणं एका अर्थानं या प्रश्नाचंच उत्तर आहे. आपण मनात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की काळ ही एक चाळणी आहे. चांगलं वर उरतं, कोंडा खाली जातो. हिंदी चित्रसंगीताच्या बाबतीत चाळणी होती, हे खरं. पण ती काळाची नव्हती. ती माणसांनी, कंपन्यांनी, कायद्यांनी आणि यंत्रांनी बनवलेली होती. तिची भोकं कुठे मोठी, कुठे बारीक होती, हे आज आपण तपासायचं आहे.

सुरुवात एका अशा गाण्यापासून करू, जे तुम्ही ऐकलेलं नाही आणि ऐकण्याची शक्यताही नाही. १९४२ साली वसंत जोगळेकर 'किती हसाल' नावाचा मराठी चित्रपट करत होते. सदाशिवराव नेवरेकरांनी चाल बांधली आणि तेरा वर्षांच्या एका मुलीकडून गाणं गाऊन घेतलं. चित्रपट पडद्यावर आला तेव्हा त्यात ते गाणं नव्हतं, ते कापलं गेलं होतं. ती मुलगी म्हणजे लता मंगेशकर. पुढे पाच वर्षांनी, १९४७ मध्ये, त्याच जोगळेकरांच्या 'आप की सेवा में' या चित्रपटात दत्ता डावजेकरांच्या संगीतात तिनं हिंदी चित्रपटासाठी पहिलं पार्श्वगायन केलं. तेही आज किती जणांना आठवतं? या देशातल्या सर्वांत जास्त ऐकल्या गेलेल्या आवाजाचं पहिलं गाणं संकलकाच्या कात्रीनं गेलं. त्यात त्या आवाजाचा दोष होता असं आज कोण म्हणेल?

तेव्हा पहिला मुद्दा नोंदवून ठेवू. गाणं अपरिचित राहणं ही एक घटना असते. तिला तारीख असते, कारण असतं, आणि बहुतेक वेळा ते कारण गाण्याच्या बाहेरचं असतं.

आता थोडं मागे जाऊ. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' लागला. पहिला हिंदुस्थानी बोलपट. त्यात सात गाणी होती. त्यातलं वझीर महंमद खान यांनी फकिराच्या भूमिकेत गायलेलं गाणं हे आपल्या बोलपटातलं पहिलं गाणं, असं प्रत्येक सामान्यज्ञानाच्या पुस्तकात असतं. पण ते गाणं आज ऐकता येत नाही. चित्रपटाची प्रत उरलेली नाही, आणि त्या गाण्यांच्या तबकड्या तेव्हा निघालेल्या नव्हत्या. म्हणजे गंमत पाहा, या गाण्याचं नाव सर्वांना माहीत आणि चाल कुणालाच नाही. पुढच्याच वर्षी 'इंद्रसभा' आला, त्यात सत्तरच्या आसपास गाणी होती. एका चित्रपटात सत्तर! त्यातली किती आज आपल्या ओळखीची आहेत?

इथे दुसरा मुद्दा येतो. पडद्यावरचं गाणं हे चित्रपटाबरोबर येतं आणि चित्रपटाबरोबर गावाबाहेर जातं. घरात राहतं ते तबकडीवरचं. म्हणून गाणं टिकायचं तर आधी त्याची तबकडी निघायला हवी. ती तबकडी कशी होती? दहा इंची, लाखेची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावत. त्यापेक्षा गाणं मोठं असेल तर दोन मार्ग होते, एक तर दोन्ही बाजूंना तोडून घालायचं, नाही तर एखादा अंतरा, एखादा वाद्यमेळाचा तुकडा गाळायचा. म्हणून पुष्कळ जुन्या गाण्यांची दोन रूपं आढळतात. पडद्यावर तीन अंतरे, तबकडीवर दोन. रेडिओवर वाजली ती तबकडी. त्यामुळे जे गाणं आपण 'पाठ' आहे असं म्हणतो, त्याचाही एक तुकडा आपल्याला अपरिचित असू शकतो. अपरिचित गाण्यांचा शोध कधी कधी परिचित गाण्याच्या पोटातच लागतो.

तबकडीवर आणखी एक गोष्ट असायची, मधली गोल चिठ्ठी. तिच्यावर काय छापायचं हे कंपनी ठरवी. १९४९ च्या 'महल'चं उदाहरण प्रसिद्ध आहे. खेमचंद प्रकाश यांच्या संगीतातलं ते गाजलेलं गाणं तबकडीवर आलं तेव्हा गायिकेच्या जागी नाव होतं 'कामिनी'. म्हणजे मधुबालानं केलेल्या पात्राचं नाव! श्रोत्यांनी रेडिओला पत्रं पाठवली, विचारलं, ही कामिनी कोण? तेव्हा कुठे लता मंगेशकर हे नाव लोकांपर्यंत गेलं. त्या गाण्याची पुण्याई मोठी, म्हणून विचारणा झाली. ज्या गाण्यांसाठी कुणी पत्रं पाठवली नाहीत त्यांचे गायक पात्रांच्या नावांमागे राहिले, काहींचा पत्ता आजही वादाचा आहे. वादक आणि संगीत-संयोजक यांची नावं तर चिठ्ठीवर यायचा प्रश्नच नव्हता. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड ही गोव्याची मंडळी. मुखडा संपून अंतरा सुरू होईपर्यंत जे व्हायोलिनचं, ट्रम्पेटचं, चेलोचं काम आपण ऐकतो, त्यातलं कितीतरी यांच्या हातचं. मजरड्याच्या अँथनी गोन्साल्विसांनी १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात मोठा वाद्यवृंद उभा करून स्वतःच्या रचनांची मैफल केली होती. ज्यांच्या सुरावटी रोज घराघरांत वाजत होत्या, त्यांना स्वतःचं नाव लावण्यासाठी वेगळा कार्यक्रम करावा लागला.

आता तिसरी चाळणी, आणि ही सर्वांत मोठी. रेडिओ.

१९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात नभोवाणी मंत्री झाले. आपले पुण्याचे गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे जाणकार, आणि चित्रपटगीतांबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं. आकाशवाणीनं गाण्यांची छाननी सुरू केली. शिवाय गाण्याबरोबर चित्रपटाचं नाव सांगणं ही जाहिरात होते, म्हणून ते सांगायचं नाही असं ठरलं. निर्मात्यांनी चिडून आपल्या गाण्यांची परवानगीच काढून घेतली. बघता बघता हिंदी चित्रपटगीत आकाशवाणीवरून जवळपास नाहीसं झालं. केसकरांना आपण नुसतं खलनायक करू नये. रागसंगीताच्या कलावंतांना त्या काळात रेडिओनं जो आधार दिला, संगीताचे जे राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाले, त्यात त्यांचा हात होता. आणि पुणे केंद्रावरून १९५५-५६ मध्ये 'गीतरामायण' झालं तेही याच दिवसांत. एकाच काळात रेडिओ सुधीर फडक्यांचं एक अंग लोकांपर्यंत नेत होता आणि दुसरं अडवत होता, असं म्हटलं तर चूक होणार नाही.

पण पाणी अडवलं की ते दुसरी वाट काढतं. ती वाट निघाली कोलंबोहून. रेडिओ सिलोनवर डिसेंबर १९५२ मध्ये 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. बुधवारची रात्र, आठ वाजता, अमीन सयानींचा आवाज. आधी अर्ध्या तासात सात गाणी, पुढे गाण्यांना क्रमांक लागले, त्यांना ते 'पायदान' म्हणत. पायदान कसं ठरे? दुकानांतून तबकड्या किती विकल्या गेल्या, आणि गावोगावच्या श्रोतासंघांनी कोणती गाणी मागितली यावरून. म्हणजे लोकांचंच मत, यात वाईट काय? वाईट काही नाही. पण एक लक्षात घ्या. ज्या गाण्याची तबकडी दुकानात नाही त्याची विक्री शून्य. जे गाणं कुणी ऐकलंच नाही त्याची फर्माईश शून्य. ज्यानं आधी ऐकलं जायचं तेच पुन्हा ऐकलं जाणार. झुमरी तलैयाहून पत्रं येत होती ती वाजलेल्या गाण्यांसाठी, न वाजलेल्या गाण्याची फर्माईश कोण करणार?

३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू झाली आणि गाणी घरी परतली. तिची घडी बसवणाऱ्यांत पंडित नरेंद्र शर्मा होते, कवी आणि चित्रपटगीतकार. हे नाव लक्षात ठेवा, थोड्या वेळानं लागणार आहे. आणखी एक श्रेय द्यायला हवं. रेडिओ सिलोनवर सकाळी साडेसात ते आठ जुन्या चित्रपटांची गाणी लागत आणि शेवटचं गाणं सैगलांचं असे. 'विविध भारती'वर 'भूले बिसरे गीत' आलं. पायदानाच्या खाली राहिलेल्या गाण्यांना या दोन कार्यक्रमांनी जागा दिली. सकाळी डबे भरताना, दाढी करताना महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांनी जी गाणी ऐकली, त्यांतली बरीचशी कुठल्याही वार्षिक यादीत नव्हती.

आता या चाळण्यांखाली काय काय पडलं ते पाहू. आपण याचे चार प्रकार करू.

पहिला प्रकार, कापलेली गाणी. 'साहिब बीबी और गुलाम', १९६२. संगीत हेमंतकुमारांचं. शेवटाकडे बग्गीच्या प्रवासात छोटी बहू आणि भूतनाथ यांच्यावर एक गाणं होतं, हेमंतकुमारांच्याच आवाजात. विवाहित स्त्री परपुरुषाच्या मांडीवर डोकं टेकते हे प्रेक्षकांना रुचलं नाही, आणि गुरुदत्तनी तो प्रसंग गाण्यासकट काढला. चाल मात्र हेमंतकुमारांच्या मनातून गेली नाही. १९६६ च्या 'अनुपमा'त ती नव्या शब्दांनी परत आली, पुन्हा त्यांच्याच आवाजात. आज 'अनुपमा'चं गाणं सर्वांना ठाऊक आहे, मूळ गाणं थोड्यांना. दोन्ही लागोपाठ ऐकली तर एकच चाल दोन वेगळ्या एकटेपणांना कशी पुरते ते कळतं. हा धडा कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही.

'पाकीझा'ची गोष्ट याहून हळवी. गुलाम महंमद यांनी त्यासाठी कितीतरी गाणी बांधली. चित्रपट रखडला. १९६८ मध्ये ते गेले, चित्रपट १९७२ मध्ये आला. पडद्यावर घेतलेली गाणी अजरामर झाली. न घेतलेल्या गाण्यांची पुढे 'पाकीझा रंग-बरंग' अशी स्वतंत्र एलपी निघाली. नीट ऐकली तर प्रश्न पडतो, की ही बाजूला का राहिली? कमी पडली म्हणून नव्हे. चित्रपटाला एका मापाहून जास्त गाणी लागत नाहीत, इतकंच.

दुसरा प्रकार, सावलीतली गाणी. एकच गाणं इतकं मोठं होतं की बाकीची त्याच्या सावलीत जातात. 'मधुमती', १९५८, सलील चौधरी, अकरा गाणी. त्यातली आपल्याला पटापट आठ-नऊ आठवतील. मुबारक बेगम यांनी गायलेलं मुजऱ्याचं गाणं आठवायला मात्र वेळ लागेल. दुसऱ्या एखाद्या चित्रपटात तेच मुख्य गाणं ठरलं असतं.

आणि आता ते नरेंद्र शर्मांचं नाव. १९६१ चा 'भाभी की चूडियाँ'. हा आपल्या 'वहिनींच्या बांगड्या'चा हिंदी अवतार. संगीत सुधीर फडके, गीतं पंडित नरेंद्र शर्मा. यातलं पहाटेचं, भूप-देशकाराच्या वळणाचं लताबाईंचं गाणं माहीत नाही असा माणूस विरळा. पण त्याच चित्रपटात मुकेशचं एक गाणं आहे, घराला घरपण देणाऱ्या भाभीबद्दलचं. मुकेश म्हटलं की आपल्याला राज कपूर आठवतो, विरह आठवतो. इथे तोच आवाज घरातल्या देवघरासमोर बसल्यासारखा शांत आहे. बाबूजींनी मराठी भावगीतात जी शिस्त पाळली, शब्द पुढे आणि वाद्यं मागे, तीच त्यांनी हिंदीत नेली. मुंबईच्या मोठ्या वाद्यवृंदाच्या काळात कमी वाद्यांत गाणं उभं करणं हे धाडस होतं. ते धाडस सावलीतल्या गाण्यात जास्त स्पष्ट दिसतं, कारण तिथे प्रसिद्धीचा उजेड डोळ्यांवर येत नाही.

तिसरा प्रकार, सावलीतली माणसं. इथे महाराष्ट्राचा आणि गोव्याचा वाटा फार मोठा आहे.

स्नेहल भाटकर घ्या. मूळ नाव वासुदेव भाटकर. 'स्नेहल' हे मुलीच्या नावावरून घेतलेलं. केदार शर्मांच्या 'नील कमल'ला, म्हणजे राज कपूर आणि मधुबाला यांच्या १९४७ च्या चित्रपटाला, यांचंच संगीत, पण श्रेयनामावलीत नाव 'बी. वासुदेव'. पुढच्या वर्षीच्या 'सुहाग रात'लाही संगीत यांचंच. एका माणसाचं काम दोन-तीन नावांत वाटलं गेलं की इतिहासात त्याची बेरीज होत नाही. १९६१ च्या 'हमारी याद आएगी'चं शीर्षकगीत मुबारक बेगमनी गायलं, ते राहिलं. बाकी सगळं काम त्या एका गाण्याच्या मागे गेलं. एक गाणं संगीतकाराला वाचवतंही आणि पुसतंही.

एन. दत्ता, म्हणजे गोव्याचे दत्ता नाईक. सचिनदेव बर्मन यांचे साहाय्यक. राज खोसलांच्या 'मिलाप'पासून, १९५५ पासून, स्वतंत्र झाले. 'साधना', 'धूल का फूल', 'धर्मपुत्र' ही नावं सांगितली की लोक मान डोलवतात, पण ती साहिरच्या शब्दांना. संगीतकार कोण, हे विचारावं लागतं. मराठी श्रोत्याला 'मधुचंद्र'ची गाणी पाठ असतात, पण हिंदीतले एन. दत्ता आणि मराठीतले दत्ता नाईक हे एकच, हे सांगितलं की आश्चर्य वाटतं. यांचे 'चंद्रकांता', 'ब्लॅक कॅट', 'ग्यारह हजार लडकियाँ' हे चित्रपट गाण्यांसाठी मुद्दाम शोधावेत असे आहेत.

दत्ताराम वाडकर तर आणखी मागे. शंकर-जयकिशन यांच्याकडे ते ताल सांभाळत. ढोलकावरचा जो विशिष्ट ठेका 'दत्ताराम ठेका' म्हणून वादकांत ओळखला जातो, तो त्यांचा. स्वतंत्र संगीतकार म्हणून 'अब दिल्ली दूर नहीं', 'परवरिश', 'कैदी नं. ९११'. त्यांची गाणी कित्येकदा शंकर-जयकिशनच्या नावावर सांगितली जातात. चुकीच्या नावानं ओळखलं जाणं, हाही अपरिचित राहण्याचाच एक प्रकार आहे.

आणि सज्जाद हुसेन. मेंडोलिनचे उस्ताद, स्वभावानं तिखट, चित्रपट मोजकेच. १९६३ च्या 'रुस्तम सोहराब'मध्ये त्यांनी इराणी-अरबी वळणाचं संगीत असं काही मुरवलं की ते सजावट वाटत नाही. सुरैय्याचा हा अखेरचा चित्रपट. एका मोठ्या गायिकेचा निरोप इथे आहे, आणि तो ऐकायला 'रुस्तम सोहराब' हे नाव आधी माहीत असावं लागतं.

चौथा प्रकार जरा वेगळा आहे. गाणं अपरिचित, पण कुणाला? प्रभातचा 'शेजारी' आणि त्याचा हिंदी अवतार 'पडोसी', दोन्ही १९४१ चे, संगीत मास्टर कृष्णराव. 'शेजारी'तलं चांदण्यातलं ते समूहनृत्याचं गाणं आपल्याकडे शाळेच्या स्नेहसंमेलनात आजही होतं. तीच चाल हिंदी शब्दांत 'पडोसी'त आहे. महाराष्ट्रात ती चाल घरची, आणि हिंदी चित्रसंगीताच्या बहुतेक याद्यांत तिचा उल्लेखही नाही. उलट बाजूनं पाहिलं तर 'कुंकू' आपल्याला माहीत असतो, पण 'दुनिया न माने'ची गाणी आपण ऐकत नाही. केशवराव भोळ्यांनी १९३७ मध्ये त्या चित्रपटात पार्श्वसंगीतच वापरलं नाही, जो आवाज प्रसंगात खरा येतो तेवढाच ठेवला. आणि त्यात शांता आपटे यांनी लाँगफेलोची इंग्रजी कविता गायली आहे! म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेली मराठी मुलगी, तिच्या तोंडी अमेरिकन कवीचे शब्द, चाल भोळ्यांची. १९३७ मधल्या आपल्या समाजाच्या मनात काय चाललं होतं हे जाणून घ्यायला इतका नेमका पुरावा शोधून सापडायचा नाही. आणि तो आहे एका गाण्यात, जे कुठल्याच पायदानावर चढलं नाही.

तर मंडळी, आमचं मुख्य म्हणणं इथे आहे. अपरिचित गाणी ऐकायची ती केवळ 'दुर्मीळ' म्हणून नव्हे. दुर्मीळपणाचा एक षौक असतो, इतरांकडे नाही ते आपल्याकडे आहे असा. त्याचा आणि रसिकतेचा संबंध असेलच असं नाही. ही गाणी ऐकायची ती इतिहास पुरा व्हावा म्हणून. आपण एका सबंध युगाला दोन-अडीचशे गाण्यांवरून ओळखतो, आणि मग विधानं करतो. अमुक संगीतकार म्हणजे दुःखाचा, तमुक गायक म्हणजे खट्याळ. ही विधानं गाजलेल्या गाण्यांपुरती खरी असतात. भीमसेन जोशी आणि चित्रपटगीत हे दोन शब्द शेजारी ठेवले तर 'बसंत बहार'मधली मन्ना डे यांच्याबरोबरची जुगलबंदी आठवते. पण अमोल पालेकरांच्या 'अनकही'त जयदेवनी त्यांच्याकडून जे गाऊन घेतलं, त्यासाठी त्यांना पार्श्वगायनाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, आणि चित्रपटही आपल्या चिं. त्र्यं. खानोलकरांच्या नाटकावरचा. राष्ट्रीय पारितोषिक मिळूनही गाणं अपरिचित राहतं! म्हणजे मान्यता आणि ओळख यांचाही एकमेकींशी थेट संबंध नाही.

एक पथ्य मात्र पाळायचं. प्रत्येक विसरलेलं गाणं रत्न नसतं. वर्षाला शेकड्यांनी गाणी होत होती, त्यातली पुष्कळशी घाईत बांधलेली, दुसऱ्याची चाल फिरवून घेतलेली, शब्द नुसते यमकाला जोडलेली होती. ती विसरली गेली हे बरंच झालं. आपल्याला सरसकट कौतुक करायचं नाही, निवड करायची आहे. फरक एवढाच, की ती निवड आपण कानानं करायची, यादीनं नाही.

ती कशी करायची? व्यवहारात उपयोगी पडतील अशा तीन सवयी सांगतो.

एक, आवडतं गाणं घ्या आणि त्याच चित्रपटातली उरलेली सगळी गाणी क्रमानं ऐका. संगीतकारानं एका गोष्टीसाठी काय काय विचार केला होता, ते तेव्हाच कळतं. दोन, गाण्यात पहिल्यांदा आवाज ऐका, दुसऱ्यांदा फक्त ताल, तिसऱ्यांदा फक्त मधले वाद्यांचे तुकडे. अनोळखी गाणं यासाठी फार चांगलं, कारण ते ऐकताना आपण सोबत गुणगुणत नाही, गप्प बसून ऐकतो. तीन, गाणं पडद्यावर कुठे येतं ते पाहा. नुसतं ऐकून सपाट वाटलेलं गाणं प्रसंगात बसवलं की उभं राहतं. चित्रपटगीत हे भावगीत नव्हे, त्याला जागा असते.

शेवटी, हे सारं टिकलं कसं आणि पुढे टिकणार कसं, याबद्दल. सरकारी दप्तरांपेक्षा हे काम श्रोत्यांनी जास्त केलं. कानपूरच्या हरमंदिरसिंग 'हमराज' यांनी 'हिंदी फिल्म गीतकोश' तयार केला. १९८० मध्ये पहिला प्रसिद्ध झालेला खंड होता १९५१ ते १९६० चा, आणि पुढच्या खंडांनी मिळून १९३१ ते १९८० ही पन्नास वर्षं नोंदली. कोणता चित्रपट, कोणतं गाणं, कोण गायलं, कुणी लिहिलं, तबकडीचा क्रमांक काय. मुंबईत १९९० मध्ये 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' उभी राहिली, डॉ. सुरेश चांदवणकरांसारख्यांनी त्यासाठी वर्षं घातली. चोरबाजारात ढिगातून तबकड्या उपसणारे, त्या धुऊन, पुसून, सुई बदलून एकमेकांना ऐकवणारे लोक हे या इतिहासाचे खरे दप्तरदार. कारण लाखेची तबकडी हातातून पडली की तुकडे होतात. एलपी आल्या तेव्हा कंपनीनं खपणारी गाणी नव्या रूपात काढली, उरलेली जुन्या तबकडीतच राहिली. कॅसेट आली, सीडी आली, दर वेळी हेच झालं. माध्यम बदललं की पुन्हा एक चाळण.

आज इंटरनेटवर सगळं मिळतं असं आपण म्हणतो, आणि बरंच मिळतंही. एखाद्या संग्राहकानं रात्र जागून चढवलेलं १९४८ चं गाणं तुम्ही आत्ता, या क्षणी, बसमध्ये ऐकू शकता. पण दोन गोष्टींकडे लक्ष असू द्या. पहिली, तिथली नावं पुष्कळदा चुकीची असतात. दत्तारामांचं गाणं शंकर-जयकिशनच्या नावावर, मुबारक बेगमचं दुसऱ्याच कुणाच्या. दुसरी, तिथेही पायदान आहेच. जे जास्त ऐकलं गेलं तेच यंत्र पुढे करतं. अमीन सयानींचं पायदान बुधवारी बदलायचं तरी, आणि ते कसं ठरतं हे ते श्रोत्यांना सांगायचे. आताचं पायदान कुणी सांगत नाही.

म्हणून एक काम सांगून थांबतो. तुमच्या घरात, नात्यात सत्तरी-ऐंशी ओलांडलेलं कुणी असेल, तर त्यांना असं विचारा, की तुम्हाला आठवणारं आणि हल्ली कुठेच न लागणारं एखादं गाणं कोणतं? चाल अर्धी आठवेल, शब्द चुकतील, चित्रपटाचं नाव भलतंच सांगतील. हरकत नाही. ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा, खाली तारीख आणि सांगणाऱ्याचं नाव लिहा, मग गीतकोशात शोधा. सापडलं तर त्या माणसाला ऐकवा. नाही सापडलं तर ती नोंद आणखी जपून ठेवा. कदाचित ते गाणं आता फक्त त्या एका माणसाच्या आठवणीत उरलं असेल.